आईचं वय आणि सतरा मतं

मतदारयादीत माझी आई खऱ्या वयापेक्षा चार वर्षांनी लहान होती, आणि ही चूक माझ्याच तोंडून झालेली होती. एकोणतीस वर्षं ती तशीच राहिली, कुणाला टोचली नाही. टोचली ती मार्च २०२४ मध्ये.

लोकसभेच्या तारखा १६ मार्चला जाहीर झाल्या. आम्ही राहतो बडोद्याला, गुजरातचं मतदान ७ मे रोजी, एकाच टप्प्यात. त्याआधीच्या दिवाळीत आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली होती. खुब्यात सळई घातली आणि तेव्हापासून पलंग ते खिडकी एवढंच ती वॉकर धरून चालते. आमचं मतदान केंद्र जवळच्या शाळेत, रिक्षाने दहा मिनिटं. केंद्रावर चाकाची खुर्ची मिळते हे माहीत होतं, पण तिथवर पोचायला रिक्षात चढावं लागतं आणि तेच तिला जमत नव्हतं. या खेपेला आईचं मत राहणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो. तिच्यापाशी मात्र बोललो नव्हतो. बोलायचं धैर्यच नव्हतं म्हणा.

मग एका संध्याकाळी जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. त्यांचे सासरे नव्वदीला टेकलेले. त्या म्हणाल्या, "बी.एल.ओ. बेन, त्या मतदारयादीचं काम बघणाऱ्या, येऊन गेल्या. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात या वेळी. बाबांचं नाव लिहून नेलं. तुमच्याकडे नाही आल्या?"

आमच्याकडे आल्या नव्हत्या. घरून मतदानाची सोय आधी ऐंशीच्या वरच्यांना होती. मार्चच्या सुरुवातीलाच ती मर्यादा पंच्याऐंशी केली. आईचा जन्म ऑगस्ट १९३७ चा, म्हणजे शहाऐंशी पुरी. मी बेनना फोन लावला. त्या जवळच्याच शाळेत शिक्षिका आहेत, शाळा करून हे काम करतात. दुसऱ्याच दिवशी आल्या, यादी उघडली, आईच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बा, यादीमां तो ब्यासी लखेलां छे."

ब्याऐंशी.

कुठून आलं हे ब्याऐंशी, ते मला बसल्या जागी आठवलं. १९९५ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा दांडिया बाजारात, लकडी पुलाजवळच्या वाड्यात राहत होतो. फोटोच्या मतदार ओळखपत्रांची मोहीम चालू होती, एक गृहस्थ वही घेऊन दारात उभे राहिले आणि घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं विचारू लागले. आई देवळात गेली होती. मी घाईत होतो. "आई किती वर्षांच्या?" म्हटल्यावर मी म्हणालो, "त्रेपन्न लिहा." कागद मागितला नाही, मीही काढला नाही. ती त्या वेळी सत्तावन्न वर्षांची होती. स्वतःच्या आईचं वय मी अंदाजाने सांगितलं. त्यावरून ओळखपत्र झालं, ओळखपत्रावरून पुढे आधार झालं, वाडा सोडून मांजलपूरला आलो तेव्हा नाव इकडे आणलं तर तेच वय सोबत आलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मला काही बोलली नाही. बेनना मात्र म्हणाली, गुजरातीत, अगदी सावकाश: "यादीप्रमाणे माझा जन्म एक्केचाळीसचा. म्हणजे बासष्ट साली मी वीस वर्षांची. तेव्हा एकवीस पुरी लागायची. आणि मी तर बासष्ट साली मत दिलंय. तुमची यादी खरी असेल, तर माझं ते मत खोटं ठरतं."

बेन गप्पच झाल्या. मीही.

हे बासष्ट साल काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर आई एवढी का दुखावली ते कळणार नाही. आमच्या आईचं कॅलेंडर निवडणुकांचं आहे. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची मुलगी. ५२ ची पहिली निवडणूक तिने आजोबांच्या तोंडून ऐकली: प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, मतपत्रिकेवर खूण करायची नाही, नुसती हव्या त्या पेटीत टाकायची. ५७ ला ती एकोणीसची, यादीत नाव नाही. त्या वर्षी बडोद्याचे महाराज श्रीमंत फत्तेसिंहराव गायकवाड काँग्रेसकडून निवडून गेले. घरातले सगळे मत देऊन आले आणि ही एकटी ओट्यावर बसून राहिली, ही सल ती आजही बोलून दाखवते. मग गुजरात राज्य झालं, तिचं लग्न झालं, आणि १९६२ मध्ये, नव्या राज्याच्या पहिल्या निवडणुकीत, तिने पहिलं मत दिलं. लोकसभा आणि विधानसभा दोन्ही एकदम. सासूबाईंच्या मागे नऊवारीत, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. सासूबाईंनी रांगेत कानात विचारलं, "कुणाला देणार?" आणि हिने सांगितलं नाही. सासूला न सांगितलेली ती आयुष्यातली पहिली गोष्ट. त्या वेळीही फत्तेसिंहरावच निवडून आले, पण आईने कुणाला मत दिलं ते आजतागायत कुणालाच ठाऊक नाही. वडिलांनाही कळलं नव्हतं.

तिथून पुढे सगळी मापं निवडणुकांची. माझा जन्म तिच्या हिशेबाने "पाशाभाईंच्या साली", म्हणजे १९६७. त्या साली स्वतंत्र पक्षाचे पाशाभाई पटेल बडोद्याचे खासदार झाले आणि राजाजींच्या पक्षाचा तारा दांडिया बाजारातल्या भिंतींवर रंगवलेला होता. बहीण ७१ ची, तेव्हा महाराज पुन्हा खासदार. ७७ च्या लाटेतही बडोद्याने फत्तेसिंहरावांनाच निवडून दिलं, देशभर काँग्रेस पडली तरी. हे सांगताना आईचा आवाज जरा वर जातो, पण त्यावरून तिच्या मताचा अंदाज बांधू नये. रेडिओवर क्रिकेटचं समालोचन करणारा, मोतीबागेच्या मैदानावर खेळलेला राजा म्हणून तिला त्यांचं कौतुक. मत वेगळं, कौतुक वेगळं, असं ती स्पष्ट सांगते. ८० आणि ८४ ला त्यांचे धाकटे बंधू रणजितसिंह. माझ्या मुंजीचं देणं फिटलं ते रणजितसिंहांच्या पहिल्या साली. ८९ ला जनता दलाचे प्रकाश ब्रह्मभट्ट, आणि त्याच निवडणुकीत माझ्या धाकट्या भावाने एकविशीच्या आतच मत दिलं, कारण मतदानाचं वय नुकतंच एकवीसचं अठरा झालं होतं. वडील गेले ते "सीतेच्या साली". १९९१ मध्ये दूरदर्शनवरच्या रामायणातल्या सीता, दीपिका चिखलिया, भाजपच्या तिकिटावर बडोद्यातून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. वडील दवाखान्यात होते, रावपुऱ्याकडून प्रचाराचा आवाज खिडकीतून येत होता.

आणि मग १९९६.

हे साल मी जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या घरात त्याची आठवण एखाद्या मृत्यूसारखी निघते.

त्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाची मुंज नागपूरला होती. वाड्यातलं सगळं बिऱ्हाड निघालं. आम्ही, काका, वरच्या मजल्यावरचे भाऊबंद, शेजारचे दोघे घरचेच म्हणून. निवडणूक आहे हे माहीत होतं. मुहूर्त आधी ठरलेला, तिकिटं काढलेली. एक मत नाही दिलं तर काय बिघडतं, असं कोण म्हणालं ते आता आठवत नाही. मीच म्हणालो असेन. आई एकटी कुरकुरली, पण मोठी जाऊ म्हणून तिला मुंजीला जाणं भाग होतं. बासष्टपासून तिचं चुकलेलं हे पहिलं मत.

परत आलो तेव्हा निकाल लागलेले. काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड बडोद्यातून निवडून आले होते, भाजपच्या जितेंद्र सुखडियांना हरवून. फरक सतरा मतांचा.

सतरा! लाखोंच्या मतदारसंघात. भारतातल्या लोकसभा निवडणुकांच्या इतिहासात इतक्या थोड्या फरकाने लागलेले निकाल बोटांवर मोजण्याइतके. त्याहून कमी म्हणजे नऊ मतांचा फरक, तोही आजवर दोनदाच. तेव्हा मतदान यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका, त्यांचे गठ्ठे, हाताने मोजणी. एक शिक्का रेघेवर पडला की मत बाद.

आईने हॉलमध्ये उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नावं लिहायला लागली. नागपूरला गेलेल्यांपैकी बडोद्याच्या यादीत कोण कोण होतं. काका, काकू, मी, माझी बायको, भाऊ, वरचे पाच जण, असं करत करत आकडा एकोणीसवर आला. तिने खाली रेघ मारली आणि आकड्याभोवती गोल काढला. कुणी काही बोललं नाही. त्या एकोणीसांची मतं एकाच बाजूला पडली असती असं मुळीच नाही. आमच्या वाड्यात निवडणुकीवरून जेवणं थंड व्हायची. पण सतराच्या समोर एकोणीस लिहिलेलं ते कॅलेंडर मी पाहिलं आहे आणि तेव्हापासून "एका मताने काय होतं" हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलेलं नाही.

त्यानंतर आईचं एकही मत चुकलं नाही. ९८, ९९, २००४, तिन्ही वेळा जयाबेन ठक्कर निवडून आल्या. २००९ ला बाळकृष्ण शुक्ल. त्याच वर्षी मतदारसंघाचं नावही बडोद्याचं वडोदरा झालं, आई अजून बडोदाच म्हणते. २०१४ ला नरेंद्र मोदी इथून उभे राहिले आणि ५,७०,१२८ मतांच्या फरकाने जिंकले. अठरा वर्षांत सतरावरून पावणेसहा लाखांवर. त्यांनी वाराणसी ठेवली, बडोदा सोडलं, आणि सप्टेंबरात पोटनिवडणूक लागली. रंजनबेन भट्ट आल्या, पुढे २०१९ लाही. मे महिन्यात पावणेसहा लाखांचा फरक पाहूनही आई सप्टेंबरात पुन्हा केंद्रावर हजर होती. मी म्हटलं होतं, "आई, पाऊस आहे." ती छत्री शोधत होती.

तर अशा बाईला मी २०२४ मध्ये सांगणार होतो की या वेळी राहू दे.

बेननी रस्ता सांगितला. फॉर्म ८ भरायचा, नोंदीतली दुरुस्ती म्हणून. जन्मतारखेचा पुरावा जोडायचा. मात्र वेळ थोडा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख १९ एप्रिल, आणि तिच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज या निवडणुकीच्या यादीत धरले जातात. शिवाय अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवावेच लागतात. यादीत वय सुधारलं तरच पुढचा, घरून मतदानाचा फॉर्म, १२-डी, तिच्या नावाने घेता येणार. तो १२ एप्रिलच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यायचा. म्हणजे एक दार उघडलं तर दुसऱ्या दारापर्यंत पोचायचं.

आधार चालेना, कारण आधारवर माझंच १९४१ होतं. पॅनवरही तेच. आईची लोखंडी ट्रंक काढली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, एस.एस.सी.चं प्रमाणपत्र सापडलं. ५५ साली बडोदा मुंबई राज्यात होतं, त्यामुळे परीक्षा मुंबई राज्याच्या बोर्डाची, तेव्हाची अकरावी. कागद घडीवर फाटलेला, पण जन्मतारीख शाईने स्वच्छ लिहिलेली. मला वाटलं झालं. बेन म्हणाल्या, नाव वेगळं आहे. अर्थातच वेगळं, माहेरचं होतं. ६० सालच्या लग्नाचं प्रमाणपत्र कुणाकडे असतं? आमच्याकडे लग्नपत्रिका होती, गुलाबी, बाळबोध अक्षरात, पण ती पुरावा होत नाही.

दोन दिवस शोधण्यात गेले. शेवटी बहिणीने फोनवर आठवण करून दिली की २००३ मध्ये आई तिच्याकडे मस्कतला गेली होती. पासपोर्ट! तो काढताना हेच प्रमाणपत्र जोडलं होतं, म्हणून त्यावर जन्मतारीख बरोबर आणि नाव सासरचं. मुदत २०१३ मध्ये संपलेली.

मी अर्ज मोबाईलवर भरला आणि मूळ कागद घेऊन कचेरीत गेलो. खिडकीवरच्या पहिल्या माणसाने पासपोर्ट उघडलाही नाही. "निवडणूक तोंडावर आहे, वयाची दुरुस्ती आता कोण करतो? नंतर या." मी सांगितलं की मुदत आहे, नियम आहे. त्याने मान वळवली. एवढ्या लहानशा गोष्टीसाठी मी त्या उन्हात तीन तास बाकावर बसून राहिलो, आणि मला एकच दिसत होतं: उलटं कॅलेंडर आणि त्यावरचा गोल. दुपारच्या जेवणानंतर वरच्या एका बाईंनी बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पासपोर्टची संपलेली तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "मुदत पासपोर्टची संपते, जन्मतारखेची नाही संपत." शिक्का मारला. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं मला वाईट वाटतं.

बेन पुन्हा घरी आल्या, पडताळणीसाठी. आईला समोर बसवून तारीख विचारली, फोटो घेतला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर अर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला. यादीत आई शहाऐंशीची झाली. १३ एप्रिलला, शनिवारी, बेन स्वतः १२-डी घेऊन आल्या आणि आईला विचारलं, "बा, सही करशो के अंगूठो?" आईने पेन मागून घेतलं आणि मोडीसारखी लांबलचक सही केली. बेननी एक गोष्ट मात्र नीट बजावली: एकदा हा अर्ज मान्य झाला की यादीत नावापुढे टपाली मताची खूण होते, मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक येईल तेव्हा घरी नसाल तर आणखी एकदा येतील. त्यानंतर नाही. आई म्हणाली, "मी कुठे जाणार आहे?"

त्यानंतर दहाएक दिवसांनी सुरतेहून मावशीचा फोन आला. मावशी पंच्याऐंशीच्या वरची नाही, ऐंशीची, केंद्रावर जाऊन मत देणारी. पण सुरतेला काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला होता, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. मतदानच नाही. मावशी हसत सांगत होती, यंदा उन्हात जायला नको. आई फोन ठेवून बराच वेळ तशीच बसली. "म्हणजे तिथे कुणालाच विचारलं नाही," एवढंच म्हणाली.

पथक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आलं. आदल्या दिवशी वेळ कळवली होती. सकाळी साडेदहाला दारात पाच माणसं: दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक चित्रीकरण करणारा मुलगा आणि आमच्या बेन. आई सातपासून तयार होती. इंदुरी साडी, अंबाड्यात मोगरा. पायात चपला घातल्या होत्या, घरात, कारण मत द्यायला चपला घालून जातात.

जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलं. त्यांनी पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा उभा केला. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद. ओळखपत्र पाहिलं, यादीशी ताडलं. आधी घोषणापत्र, ही मीच ती मतदार असं; त्यावर आईची सही आणि अधिकाऱ्याची साक्ष. मग मतपत्रिका. आईला मोतीबिंदूनंतरही डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं, म्हणून अधिकाऱ्याने विचारलं, "मदतीला मुलगा बसू दे का? सोबतीची परवानगी असते." मी पुढे झालोच होतो.

"तू स्वयंपाकघरात जा," आई म्हणाली. "आणि भिंग दे."

चित्रीकरण करणाऱ्या मुलाने कॅमेरा दाराकडे फिरवला. त्यांना तसा नियमच आहे, सगळी प्रक्रिया टिपायची, मत टिपायचं नाही. पोलीसदादा गॅलरीत गेले. मी ओट्यापाशी उभा राहिलो. बाहेरून फक्त भिंगाची कड टेबलावर टेकल्याचा आवाज यायचा. टक. मग शांतता. पुन्हा टक. ती एकेक नाव खालपर्यंत वाचत होती, मग वर येऊन पुन्हा वाचत होती. पंखा नसल्याने माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि बाहेर पाचही जण घामाघूम उभे असणार. कुणी घाई केली नाही, घशातून आवाजही काढला नाही. हे मला त्या लोकांचं फार मोठं वाटलं.

मग आईचा आवाज आला, "झालं."

मतपत्रिका घडी करून आतल्या पाकिटात. आईने सवयीने पाकिटाच्या कडेला जीभ लावली. अधिकाऱ्याने हसून डिंकाची बाटली पुढे केली. आतल्या पाकिटावर मतपत्रिकेचा क्रमांक, नाव नाही. ते पाकीट आणि घोषणापत्र मिळून बाहेरच्या मोठ्या पाकिटात. आईने विचारलं, "वरच्या पाकिटावर मी कोण ते कळतं. मग मत गुप्त कसं?" अधिकारी खुर्चीवर बसले आणि समजावून सांगितलं: मोजणीच्या दिवशी आधी बाहेरचं उघडून घोषणापत्र तपासतात, ते बाजूला काढतात, आतली बंद पाकिटं वेगळी करतात आणि मगच ती उघडतात. तिने ते दोनदा विचारून घेतलं. बासष्ट साली सासूला न सांगितलेलं, आता सरकारलाही कळू नये एवढंच तिचं म्हणणं होतं. पाकीट बंद पेटीत पडलं तेव्हा ती वॉकर धरून उभी राहिली आणि पेटी दाराबाहेर जाईपर्यंत बसली नाही.

७ मे रोजी मी आणि बायको केंद्रावर जाऊन आलो. परतल्यावर आईने आमची बोटं पाहिली, दोघांची.

४ जूनला मोजणी. सकाळी आठला टपाली मतं आधी घेतात, हे तिला सांगितलं होतं, म्हणून ती पावणेआठला टी.व्ही.समोर. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं, भाजपचे डॉ. हेमांग जोशी पाच लाख ब्याऐंशी हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. तो आकडा पडद्यावर आला तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काहीच हललं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "टपालाची बाद किती झाली, ते सांगतात का?" तिला डिंकाची काळजी होती.

जूनच्या अखेरीस टपालाने नवं ओळखपत्र आलं. मी पाकीट फोडून तिच्या हातात दिलं. तिने ते भिंगाखाली धरलं, मग माझ्याकडे परत दिलं.

"जन्मतारीख वाच."

मी वाचली.

"साल परत वाच."

"एकोणीसशे सदतीस."

"आता बासष्टचं मत खरं झालं," म्हणाली, आणि मावशीला सांगायचं म्हणून फोन मागितला.